कॉम्रेड नागी रेड्डी

तरिमेला नागी रेड्डी १९१७ साली अनंतपूर जिल्ह्यातल्या गडगंज जमीनदार घरात जन्मले, आणि झाले कम्युनिस्ट! १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी चक्क बहिणीचे यजमान, काँग्रेसचे नीलम संजीव रेड्डी यांना पाडलं.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा ते मार्क्सवाद्यांकडे गेले. १९६८ मध्ये तो पक्षही सोडून आंध्रातल्या क्रांतिकारकांची वेगळी समिती काढली. चारू मजुमदारांच्या अखिल भारतीय समितीशी मात्र पटलं नाही. एकेका जमीनदाराला गाठून मारल्याने क्रांती होत नाही, आधी लोकांना जमिनीसाठी उभं करा, असं रेड्डींचं म्हणणं. (मला तरी ते पटतं.) फेब्रुवारी १९६९ मध्ये अखिल भारतीय समितीने आंध्रवाल्यांशी संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात रेड्डींनी आमदारकी सोडली. मग अटक, खटला. ते तुरुंगात असतानाच १९७१ मध्ये त्यांची स्वतःची समिती फुटली, चंद्र पुल्ला रेड्डी वेगळे झाले. आपल्या मेस कमिटीतही एवढी फाटाफूट होत नाही!

तरी सुटल्यावर गडी पुन्हा जोडाजोडीला लागला. १९७५ मध्ये काही गट एकत्र आणून नवी संघटना केली, तोच आणीबाणी आली. भूमिगत असतानाच आजारी पडून २८ जुलै १९७६ ला हैदराबादेत ते वारले. पुढच्या वर्षी संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले.