गृहस्थ-साधक श्रीमद् राजचंद्र

सौराष्ट्रातील ववाणिया गावी १८६७ साली कार्तिकी पौर्णिमेस श्रीमद् राजचंद्र यांचा जन्म झाला. १८८८ मध्ये ते विवाहबद्ध झाले. पुढे मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार त्यांनी सचोटीने केला. विलायतेहून परतलेल्या गांधीजींशी १८९१ मध्ये तेथेच त्यांचा स्नेह जुळला. लाखोंचा सौदा आटोपताच श्रीमद् धर्मग्रंथ हाती घेत, हे गांधीजींनी जवळून पाहिले. व्यवसायातून सवड काढून ते ईडरच्या डोंगरात एकांतवास करीत. सायल्याचे परममित्र सौभागभाई यांच्या विनंतीवरून १८९६ मध्ये नडियाद येथे त्यांनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ रचले. १९०१ मध्ये राजकोट येथे, अवघ्या ३३ वर्षांचे असताना, त्यांचा देहविलय झाला. प्रपंच व पेढी सांभाळूनही आत्मसाधना साधते, हा त्यांच्या जीवनाचा बोध आपणा व्यापारी बांधवांनी नित्य स्मरावा.