डॉ. रखमाबाई : खटला संपल्यानंतरची गोष्ट



मी कोण होणार, हा निबंध आपण दरवर्षी मुलांना देतो. वसई, नालासोपारा किंवा विरार, शाळा कुठलीही घ्या, वह्या तपासायला बसलं की बऱ्याच मुलींना डॉक्टर किंवा नर्स व्हायचं असतं आणि शेवटी गोरगरिबांची सेवा करण्याचं वाक्य ठरलेलं असतं. खरं सांगायचं तर ते वाक्य बरेचदा आपणच फळ्यावर लिहून दिलेलं असतं! पुढच्या वेळी हा निबंध द्यायच्या आधी वर्गाला डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगून बघा. आनंदीबाई जोशी मुलांना माहीत असतात. रखमाबाई माहीत असल्या तरी कोर्टातल्या खटल्यापुरत्याच.

त्यांचा जन्म मुंबईत, 22 नोव्हेंबर 1864 चा. वडील जनार्दन सावे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन राऊत. सावे आणि राऊत ही आडनावं आपल्या भागातल्या हजेरीपटावर सर्रास सापडतात, त्यामुळे मुलं इथेच कान टवकारतात. आणखी एक गंमत सांगा. गुजरातेतून आपल्या वसई-विरारवरून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत जाणारी रेल्वे सुरू झाली तीसुद्धा 1864 सालीच. या रेल्वेशी रखमाबाईंचा पुढे संबंध येणार आहे.

रखमाबाई अगदी लहान असताना वडील गेले. आई जयंतीबाई तेव्हा स्वतःच किशोरवयीन होत्या. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे गृहस्थ डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. तरीही रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, साधारण एकोणीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्याच नात्यातला. त्याने सासरी राहून शिकावं असं ठरलं होतं. पण तो शिकला नाही. शिकली ती मुलगी, तीही घरात बसून, मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर. नांदायला पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी जायला नकार दिला, आणि सावत्र वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

1884 मध्ये दादाजी कोर्टात गेला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. म्हणजे ज्यांच्या जोरावर ही मुलगी उभी होती, ते पहिला निकाल लागायच्या आधीच गेले. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाणत्या वयात, संमतीशिवाय लग्न लावलेल्या मुलीला जबरदस्तीने नांदायला पाठवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास टाइम्स ऑफ इंडियामध्ये एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने बालविवाहावर पत्रं छापून आली. ती रखमाबाईंचीच होती.

मग अपील झालं, प्रकरण परत खालच्या न्यायाधीशांकडे आलं आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा आदेश निघाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूने होते, टिळकांचा केसरी विरोधात. वरच्या वर्गांना हे सांगताना कचरू नका. मोठ्या माणसांचंही एखाद्या प्रश्नावर चुकू शकतं, हे मुलांना कधीतरी कळायलाच हवं.

इथे फळ्यावर दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या, पण एक दिवसही दवाखाना चालवायला न मिळालेल्या. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी रखमाबाईंना हा आदेश. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचं अंतर. पुढे काय होणार होतं हे त्या आठवड्यात कुणाला सांगता आलं असतं?

1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीने 2000 रुपये घेतले आणि दावा सोडला. बहुतेक लेख इथे संपतात. मला वाटतं, आपल्या कामाचा भाग इथून सुरू होतो.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं. पैसे वर्गणीतून उभे राहिले. 1889 मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. सुरुवातीला मॅक्लॅरन दांपत्याच्या घरी राहिल्या. पाच वर्षं अभ्यास केला, स्कॉटलंडची परवाना परीक्षा दिली, ब्रसेल्सहून एमडी मिळवली आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा वय तीस. नीटचं एक वर्ष हुकलं म्हणून घरात सुतक पाळणाऱ्या पालकांना हा आकडा जरूर दाखवा.

परत आल्यावर 1895 पासून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. आता मघाची रेल्वे आठवा. मुंबई-सुरत जायचं तर वाट आपल्याच स्टेशनांवरून. ज्या गाडीच्या मार्गावर आपण रोज उभे असतो, त्याच मार्गाने ही बाई कामावर जात-येत होती. सुरतेत प्लेग आला तेव्हाही त्यांनी काम सोडलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. बायका बाळंतपणासाठी रुग्णालयात यायलाच तयार नसत. घरात सुईण असायची, परक्या ठिकाणी जायची भीती आणि लाज असायची. त्या वर्षांतली एक गोष्ट सांगितली जाते. रखमाबाईंनी म्हणे एक गाभण शेळी रुग्णालयात आणली, तिची प्रसूती केली, आणि शेळी व करडू सुखरूप आहेत हे बघितल्यावर बायका येऊ लागल्या. पाचवी-सहावीची मुलं यावर खूश होतात. हसू द्या त्यांना. मग विचारा, की शिकलेल्या डॉक्टरने अडाणी म्हणून बायकांवर चिडायचं सोडून शेळी का आणली असेल? माझ्या मते निबंधातली सेवा या उत्तरात आहे.

1904 मध्ये दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारलं, त्याचंच वैधव्य पत्करलं! हे कोडं मला पूर्ण सुटलेलं नाही. पण ते गाळून गोष्ट सोपी करू नये असं वाटतं. मुलींना त्यावर वाद घालू द्या.

1918 मध्ये स्त्रियांच्या सरकारी वैद्यकीय सेवेतलं पद त्यांना देऊ केलं होतं. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षं. 1929 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. पडद्यामुळे उपचार अडलेल्या बायका त्यांनी आयुष्यभर पाहिल्याच होत्या.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या चर्चेचा हात 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागे होता. त्या कायद्याने वय दहावरून बारा केलं. घटस्फोटाचा हक्क हिंदू स्त्रीला देशभर मिळाला तो मात्र हिंदू विवाह कायद्याने, मे 1955 मध्ये. रखमाबाई तेव्हा नव्वदीत होत्या. चार महिन्यांनी, 25 सप्टेंबर 1955 रोजी, त्या मुंबईत वारल्या. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात, सोडून गेलेल्या जोडीदाराने परत नांदायला यावं म्हणून कोर्टात दाद मागण्याची सोय आहे. ती आजही आहे.