विश्लेषण : केनी वॉशिंग्टन कोण होते? एका स्टेडियमच्या परवानगीने अमेरिकन फुटबॉलमधील अघोषित बंदी कशी मोडली?

अमेरिकन फुटबॉलच्या 'एनएफएल' या व्यावसायिक लीगमध्ये १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मनाई करणारा लेखी नियम नव्हता, तरीही सगळे संघमालक ती पाळत होते. मार्च १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन यांच्याशी करार केला आणि ही भिंत पडली. मात्र तोपर्यंत त्यांच्या कारकिर्दीतील उमेदीची वर्षे निघून गेली होती.

केनी वॉशिंग्टन कोण होते?

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आजी आणि पोलीस दलात असलेल्या काकांनी त्यांना वाढवले. शहरातीलच 'यूसीएलए' विद्यापीठाकडून ते फुटबॉल खेळू लागले. १९३९ मध्ये त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. वुडी स्ट्रोड आणि पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारे जॅकी रॉबिन्सन हे या संघात त्यांचे सहकारी होते. धावत चेंडू पुढे नेणे आणि चेंडू फेकून अंतर मिळवणे या दोन्हींची बेरीज केली, तर त्या वर्षी देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत वॉशिंग्टन पहिले होते.

मग एनएफएलने त्यांना का घेतले नाही?

१९३३ च्या हंगामात जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये होते. त्यानंतर दार बंद झाले. त्यामुळे १९४० मध्ये एकाही संघाने वॉशिंग्टन यांना करारबद्ध केले नाही. त्यांनी पोलिसाची नोकरी पत्करली आणि पश्चिम किनाऱ्यावरील छोट्या लीगमध्ये 'हॉलीवूड बेअर्स'कडून खेळत राहिले. तिथे प्रेक्षक होते, लोकप्रियता होती. पण देशाचे लक्ष नव्हते. शिवाय गुडघ्यांच्या दुखापती वाढत गेल्या आणि शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

१९४६ मध्ये नेमके काय बदलले?

रॅम्स हा मूळचा क्लीव्हलँडचा संघ. १९४५ चे विजेतेपद मिळवूनही मालक डॅन रीव्ह्ज यांनी तो लॉस एंजेलिसला हलवायचे ठरवले. त्यांना मैदान हवे होते ते कोलिझियम, म्हणजे १९३२ चे ऑलिम्पिक जिथे झाले ते अवाढव्य स्टेडियम. हे स्टेडियम सार्वजनिक मालकीचे होते. जानेवारी १९४६ मध्ये त्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगापुढे हा विषय आला, तेव्हा कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचे पत्रकार तिथे पोहोचले. त्यात हॅली हार्डिंग आघाडीवर होते. कृष्णवर्णीय नागरिकांच्याही करातून चालणारे मैदान त्यांनाच वगळणाऱ्या संघाला कसे देता येईल, हा त्यांचा मुद्दा होता. त्याला उत्तर देणे अवघड होते. संघाने कृष्णवर्णीय खेळाडूंना संधी देण्याची तयारी दाखवली. २१ मार्च १९४६ रोजी वॉशिंग्टन यांच्याशी करार झाला आणि मे महिन्यात स्ट्रोड यांच्याशी. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले, त्याच्या वर्षभर आधीची ही घटना आहे.

तो हंगाम कसा गेला?

रॅम्सने १९४६ मध्ये सहा सामने जिंकले, चार गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. २८ व्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांसह लीगमध्ये आलेल्या वॉशिंग्टन यांना फार वेळ मैदानावर मिळाला नाही. स्ट्रोड एका हंगामातच बाहेर पडले; पुढे ते चित्रपट अभिनेते म्हणून नावारूपाला आले.

वॉशिंग्टन यांची चमक दिसली ती १९४७ मध्ये. चेंडू घेऊन ते ६० वेळा धावले आणि दर वेळी सरासरी ७.४ यार्ड मिळवले. या खेळात चार यार्डांची सरासरीही चांगली मानली जाते. शिकागो कार्डिनल्सविरुद्ध तर ते एका दमात ९२ यार्ड धावले. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड असते. म्हणजे चार खेळपट्ट्यांहून जास्त अंतर, तेही प्रतिस्पर्ध्यांना चुकवत. १९४८ च्या हंगामानंतर त्यांनी निवृत्ती घेतली. एनएफएलमधील कारकीर्द जेमतेम तीन हंगामांची ठरली.

त्यानंतर लीग बदलली का?

हळूहळू. १९४६ मध्येच प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलँड ब्राउन्सने मॅरियन मोटली आणि बिल विलिस यांना घेतले. पण राजधानी वॉशिंग्टनचा संघ १९६२ पर्यंत अडून बसला होता. तिथेही कारण ठरले स्टेडियमच. नवे मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. भेदभाव चालू राहिला तर ते वापरता येणार नाही, असा इशारा केनेडी सरकारने दिला आणि मालकांना माघार घ्यावी लागली.

केनी वॉशिंग्टन यांचे २४ जून १९७१ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले. १९५६ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला होता. 'यूसीएलए'ने त्यांचा १३ क्रमांक निवृत्त केला. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्यांना हयातीत जागा मिळाली नाही. तिथे प्रामुख्याने कारकिर्दीतील कामगिरी पाहिली जाते, आणि वॉशिंग्टन यांच्या कारकिर्दीची सहा वर्षे बंद दाराबाहेर गेली होती.