विश्लेषण : विमान तयार, पण तपासणारे कुणीच नाही! कोण होते तुर्कस्तानचे वेजिही ह्युरकुश?

तुर्कस्तानातील इझमीर येथे २८ जानेवारी १९२५ रोजी एका वैमानिकाने स्वतः बनवलेले विमान आकाशात नेले आणि सुखरूप उतरवले. देशात तयार झालेले हे पहिले विमान. पण कौतुकाऐवजी पदरात पडली ती विनापरवानगी उड्डाणाबद्दल शिक्षा. हे वैमानिक म्हणजे वेजिही ह्युरकुश.

कैदेतून निसटलेला वैमानिक

इस्तंबूलमध्ये १८९६ साली जन्मलेले वेजिही पहिल्या महायुद्धात ऑटोमन सैन्याकडून लढले. १९१७ मध्ये कॉकेशस आघाडीवर त्यांनी रशियन विमान पाडले. पुढे त्यांचेच विमान पाडले गेले. ते शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जखमी अवस्थेतही त्यांनी ते जाळून टाकले. कॅस्पियन समुद्रातल्या नार्गिन बेटावर त्यांना कैदेत ठेवले होते. तिथून ते पोहत निसटले.

शिक्षा कशासाठी झाली?

ग्रीकांशी झालेल्या युद्धात हाती लागलेले इंजिन वापरून त्यांनी ‘वेजिही के-६’ बनवले. उड्डाणाआधी तपासणी हवी, हा नियम रास्तच. अडचण अशी की, समितीत विमान तपासू शकेल असा जाणकारच नव्हता. वाट पाहून कंटाळलेल्या वेजिहींनी थेट उड्डाण केले. शिक्षा झाल्यावर त्यांनी हवाई दल सोडले.

पुन्हा तेच!

१९३० मध्ये इस्तंबूलच्या कादिकोय भागात लाकडाची वखार भाड्याने घेऊन त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत ‘वेजिही १४’ उभारले. प्रमाणपत्र मागितले, तर तपासणारे कुणी नसल्याचे सरकारी उत्तर आले. मग विमानाचे भाग सुटे करून ते रेल्वेने चेकोस्लोव्हाकियाला नेले. १९३१ मध्ये प्रमाणपत्र मिळाले आणि वेजिही तेच विमान उडवत मायदेशी परतले.

त्यानंतर १९३९ मध्ये जर्मनीतील वायमारहून ते अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले. दोन वर्षांत कुणी इंजिनीअर होत नाही, असे सांगून ती नाकारण्यात आली! पदवीच्या मान्यतेसाठीही त्यांना दाद मागावी लागली. १९५४ मध्ये काढलेली विमान कंपनीही फार काळ चालली नाही.

१६ जुलै १९६९ रोजी अंकारात त्यांचे निधन झाले. चंद्राकडे निघालेल्या ‘अपोलो ११’चे उड्डाणही त्याच दिवशी झाले. तुर्कस्तानच्या ‘ह्युरकुश’ या प्रशिक्षण विमानाला त्यांचेच नाव आहे. हे विमान २०१३ मध्ये प्रथम उडाले आणि २०१६ मध्ये त्याला युरोपचे प्रमाणपत्रही मिळाले.