रिकामी तिजोरी, उघडं दार : पंडिता रमाबाईंचा भरवसा

तुंगा आणि भद्रा या नद्या जिथून निघतात, त्या पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात २३ एप्रिल १८५८ रोजी डोंगरे आडनावाच्या एका मराठी शास्त्र्यांच्या घरी मुलगी जन्मली. तो मुलूख आज कर्नाटकात आहे. या मुलीचं मोठं काम पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला उभं राहिलं. त्या कामाची एक फांदी तेव्हाच्या निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यापर्यंत, म्हणजे आजच्या कलबुर्गीपर्यंत गेली. त्यामुळे पंडिता रमाबाईंना एकाच राज्याच्या म्हणणं अवघड आहे.

शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख दोन-तीन ओळींत संपते. संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या सुधारक, ख्रिस्ती झालेल्या बाई. यातलं काहीच खोटं नाही. पण हाताशी पैसा नाही, जवळची माणसं गेलेली, शहर विरोधात, अशा वेळी ही बाई पुढचं पाऊल कशाच्या जोरावर टाकत होती, ते त्यातून कळत नाही. त्यांचं उत्तर साधं होतं. देवाच्या भरवशावर. हा भरवसा रोजच्या व्यवहारात कसा दिसायचा, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की समजतं.

बापाने देवाच्या हवाली केलेली लेक

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात न करण्यासारखी गोष्ट केली होती. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा रोष झाला, तेव्हा ते जंगलात जाऊन राहिले. पण पाहुणे, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा खर्च पेलेना. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने तेही घर सोडलं. वेताच्या पेटीत घातलेलं बाळ एका हमालाने डोक्यावरून डोंगराखाली आणलं. तिथून सुरू झालेली भटकंती पुढची कित्येक वर्षं थांबली नाही.

तीर्थक्षेत्री पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं, असा क्रम होता. आईने लेकीला चालता-बोलता शिकवलं. हजारो श्लोक रमाला तोंडपाठ झाले. मग १८७४ च्या सुमारास दुष्काळ आला. होतं नव्हतं ते दान-धर्मात आणि पोटात गेलं. शेवटी शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढायची वेळ आली. म्हाताऱ्या वडिलांनी प्राण सोडण्याआधी धाकट्या लेकीला जवळ घेतलं, तिला देवाच्या स्वाधीन केलं आणि जन्मभर त्याचीच सेवा करायला सांगितलं. हा प्रसंग रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

थोड्याच काळात आई गेली. तिला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी जागा सोळा वर्षांच्या रमाने घेतली. उंची कमी पडत होती, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होतं. मग थोरली बहीणही गेली.

बहीण-भाऊ पायी उत्तरेकडे निघाले. अंगावर पांघरायला धड कापड नव्हतं. झेलम नदीच्या काठी थंडीत त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात उतरले, अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि फक्त डोकं बाहेर ठेवून रात्र काढली. इतकी व्रतं, इतकी तीर्थं करून हाती काय आलं, हा प्रश्न याच वाटेवर रमाबाईंच्या मनात शिरला. जुनी श्रद्धा ढासळली होती. नवी अजून सापडायची होती.

मानसन्मान आणि पुन्हा एकटेपण

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. १८८० मध्येच रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे पुन्हा टीका झाली. संसार आसामातल्या सिल्चरला थाटला. तिथे पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्या ते वाचू लागल्या. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले.

वय तेवीस, कडेवर वर्षही न भरलेली मुलगी, माहेर-सासरचा आधार नाही. त्या काळी अशा विधवेपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, ते सांगायला नको. रमाबाई पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत, अशी मागणी मांडली. स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन बोटीत बसल्या.

डॉक्टर व्हायचं ठरवून त्या निघाल्या होत्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो दरवाजा बंद झाला. वाँटेज इथे त्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ज्या बायकांना समाजाने वाईट ठरवून टाकून दिलं होतं, त्यांना या भगिनी मायेने सांभाळत होत्या. ते पाहून रमाबाई हलल्या. योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी बाईची विहिरीकाठची गोष्ट त्यांनी वाचली आणि त्यांना वाटलं, बाईला खाली न पाडता वर उचलणारा हाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी स्वतःची बुद्धी गहाण ठेवली नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. वधस्तंभावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद घातला. न पटलेल्या शिकवणीवर वडीलधाऱ्यांशी पत्रांतून कडक भांडण केलं. त्यांचा विश्वास प्रश्न विचारत मोठा झाला.

शारदा सदन : दोन्हीकडून मार

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या नावाची संघटना उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदतीची हमी दिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बालविधवांना राहायला जागा, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याची सोय, असं हे घर. इथेच शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

सदनात कुणावर धर्माची सक्ती नव्हती. मुली आपापले आचार पाळू शकत. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार मात्र लावत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातली रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. गावातली भीती आणि राग समजण्यासारखा होता. तो काळच तसा होता. रमाबाईंनी दार लावून घेतलं असतं तर तंटा कदाचित मिटलाही असता. पण आपला देव लपवून चांगुलपणा विकत घेणं त्यांना जमलं नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवलं.

याच काळात त्यांच्या मनात आणखी एक बदल झाला होता. धर्म स्वीकारून आठ वर्षं झाली, पण ज्याच्यासाठी तो स्वीकारला त्या ख्रिस्ताची खरी ओळख झाली नाही, असं त्यांना जाणवलं. आपली कमाई, विद्वत्ता, पुण्य यांचा आधार सोडून त्यांनी स्वतःला त्याच्यावर सोपवलं. लोकांकडे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं. आपल्या देशात असं होईल का, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर लवकरच द्यावं लागणार होतं.

तरतूद नसलेल्या तीनशे मुली

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशी रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. अनाथ मुली आणि तरुण विधवा कुणाच्या हाती पडत असतील, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. अमेरिकेची मदत शारदा सदनासाठी होती. दुष्काळातल्या मुलींची त्यात कुठेच तरतूद नव्हती. हिशेबाच्या वहीप्रमाणे गेलं तर जाणं शक्यच नव्हतं. त्या गेल्या, आणि साधारण तीनशे मुली घेऊन परतल्या.

हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, घाबरलेल्या मुली. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आणि सरकारी निर्बंध. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या पडल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि मुक्ती सदन उभं राहिलं.

१८९८ मध्ये बोस्टनच्या हमीची दहा वर्षं भरली. रमाबाई अमेरिकेला गेल्या, संघटनेची नव्याने रचना झाली, मदत पूर्ण तुटली नाही. पण केडगावचा पसारा त्या मदतीच्या कितीतरी पुढे गेला होता. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा पुन्हा शेकडो मुली आणल्या. आश्रमातली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

देवावर भार टाकून रमाबाई हात बांधून बसल्या नाहीत, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. पहाटे प्रार्थना व्हायची आणि मग दिवसभर काम. शेती, माग, तेलाचा घाणा, गाई-म्हशी, शिवण, सुतारकाम, छापखाना, सगळीकडे मुलीच. चुकल्या-फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन होतं, तिथे बोटांनी वाचायला शिकवलं जाई. म्हाताऱ्यांचीही सोय होती. धान्य निवडणं, बाळंतिणीची काळजी, तापकऱ्याच्या उशाशी बसणं, हे सगळं त्यांच्या लेखी उपासनेचाच भाग होतं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी प्रार्थनेची लाट आली, बाहेरच्या देशांत तिची चर्चा झाली. पण दुसऱ्या दिवशीही चूल पेटवावी लागत होतीच, आणि ती पेटत होती.

पंडितेने सोपी केलेली भाषा

आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला जड जातं, असं त्यांना दिसलं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जिच्या संस्कृतपुढे कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, तिने संस्कृत शब्द बाजूला ठेवून घरगुती मराठी निवडली. टाइप जुळवणं, छापणं, बांधणं, सारं मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केलं.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण खरा ठेवा होता मनोरमा. शिकलेली, कामसू, आईचा उजवा हात. गुलबर्ग्याची शाळा तिनेच सांभाळली होती. आपल्यामागे सगळं तीच बघेल, असं रमाबाईंनी धरलं होतं. २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली.

आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. त्रेसष्ट वर्षांच्या, कान गेलेल्या या बाईला आता थांबायचा हक्क होता. त्यांनी शोक केला आणि भाषांतराचे खर्डे पुन्हा पुढे ओढले. छपाईचे शेवटचे कागद तपासून झाले आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी केडगावला डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्या मागे.

रमाबाईंच्या देवाने त्यांना दुःखातून वगळलं नाही, आणि त्यांनीही तशी अट घातली नव्हती. आजचं काम आज करायचं, उद्याचं ज्याचं त्याच्यावर सोडायचं, आणि दारात आलेल्याला जागा नाही म्हणून परत पाठवायचं नाही, एवढा नेम त्यांनी धरला. घरात आजारपण आहे, हाताला काम नाही, माणसं पाठ फिरवून बसली आहेत, अशा घरांत तो नेम आजही उपयोगी पडेल. केडगावचं मुक्ती मिशन शंभराहून अधिक वर्षांनंतरही चालू आहे आणि निराधार बायका-मुलांना तिथे आजही आसरा मिळतो.