खोतीपासून विम्यापर्यंत बाबासाहेब

जयंतीच्या भाषणांत बाबासाहेबांची घटना येते, मालकीचा प्रश्न मात्र गळतो. कोकणातल्या कुळांना पिळणारी खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत त्याच मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला. कम्युनिस्टांशी मतभेद होते, तरी ते सोबत उभे राहिले.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग, विमा, शेतजमीन राज्याच्या मालकीची करायला सांगितले. जमीन जात न पाहता गावकऱ्यांनी सामुदायिक कसायची. आणि हे सगळे घटनेतच लिहायचे, कारण साधा कायदा बहुमत फिरले की फिरतो. घटनेत ते आले नाही. आयुर्विमा तेवढा १९५६ मध्ये सरकारी झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.