अखंड विद्यार्थी : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

चेन्नई शहरात, समुद्रकिनाऱ्यापासून जवळच, तिरुवल्लिकेणी हा जुना भाग आहे. पार्थसारथी मंदिरामुळे तो प्रसिद्ध आहे. इंग्रज त्याला ट्रिप्लिकेन म्हणत. तेथील हिंदू हायस्कूलमध्ये १९२२ साली एक मुलगा दाखल झाला. तोपर्यंत त्याचे सारे शिक्षण घरीच झाले होते. हा मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. त्यांचे वडील सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात अधिकारी होते. थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन हे त्यांचे चुलते. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराच्या एका नाटकाचा तमिळमध्ये अनुवाद केला होता. १९१८ मध्ये हे कुटुंब मद्रासला आले. शालेय शिक्षणानंतर चंद्रशेखर यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३० साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यांना इंग्लंडमधील केंब्रिज येथे शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी आई गंभीर आजारी होती. तरीही मुलाने जावे, असा तिनेच आग्रह धरला. पुढच्याच वर्षी ती वारली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

जहाजाच्या प्रवासात चंद्रशेखर यांनी मृत होत जाणाऱ्या ताऱ्यांविषयी महत्त्वाचे गणित मांडले. श्वेत बटू नावाच्या ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असते, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने या विचाराची थट्टा केली. तरुण चंद्रशेखर दुखावले. पण त्यांनी वादात आयुष्य घालवले नाही. १९३७ मध्ये ते अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात रुजू झाले. १९३९ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि ते नव्या विषयाकडे वळले. एक विषय पूर्ण अभ्यासावा, त्यावर ग्रंथ लिहावा आणि पुन्हा विद्यार्थी व्हावे, हीच त्यांची पुढील रीत ठरली.

वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी हाती घेतलेला असाच एक विषय म्हणजे चुंबकत्व. विद्युतप्रभार गतिमान झाला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतधारा निर्माण होते, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केले. लोखंडाच्या चुंबकाला तार जोडलेली नसते. त्याचे चुंबकत्व अणूंमधील इलेक्ट्रॉनांपासून येते, कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो.

ताऱ्यांमध्ये तारा नाहीत की लोखंडी चुंबकही नाहीत. तेथे असतो तो वीज वाहून नेणारा तप्त वायू. असा वायू किंवा द्रव चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागला की त्यात विद्युतधारा निर्माण होते. ती धारा स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करते आणि हे क्षेत्र उलट प्रवाहालाच अडवते. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडातही गती, वीज आणि चुंबकत्व अशीच एकमेकांत गुंतलेली आहेत. पृथ्वीचे चुंबकत्व त्यातूनच टिकून राहते.

चुलीवरच्या पातेल्यात तापलेले पाणी वर येते आणि वरचे थंड पाणी खाली जाते. वीज वाहून नेणाऱ्या द्रवातील असे अभिसरण चुंबकीय क्षेत्र कितपत रोखू शकेल, याचे गणित चंद्रशेखर यांनी १९५२ मध्ये मांडले. नाकागावा या संशोधकाने पाऱ्यावर प्रयोग केले, तेव्हा ते गणित खरे ठरले. सूर्यावरील डाग थंड आणि काळे का दिसतात, याचे कारणही असेच आहे. तेथील तीव्र चुंबकीय क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवते.

१९५३ मध्ये चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या निरीक्षणांवरून आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप केले. ते पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी क्षीण निघाले. हे सर्व संशोधन चंद्रशेखर यांनी १९६१ मध्ये एका मोठ्या ग्रंथात मांडले आणि पुन्हा नव्या विषयाकडे मोर्चा वळवला.

ज्या विचाराची तरुणपणी थट्टा झाली, तो पुढे जगाने मान्य केला. ताऱ्यांच्या रचनेवरील व उत्क्रांतीवरील कार्यासाठी १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी न्यूटनच्या ग्रंथावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. १९९९ मध्ये अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला त्यांच्या सन्मानार्थ ‘चंद्रा’ हे नाव देण्यात आले. मान मिळो वा अवहेलना, शिकणे थांबवायचे नाही, हा धडा त्यांनी आपल्या आचरणातून घालून दिला.